एका श्वासात

भाऊराव नागपुरातून खोक्यात आला.
रबराचा, गुलाबी.
आमच्या तालुक्यात या रंगाचा माणूस नाही.
लाइट गेली की मरतो,
इन्व्हर्टर लागला की पुन्हा छाती वरखाली.
दीक्षांत म्हणतो, असं नशीब खऱ्याला कुठलं.

आज तो बेड तीनवर.
वय चाळीस, पहाटे चारपासून पोटदुखी.
काचेपलीकडे कोडापे मॅडम माइक घेऊन,
भाऊराव त्यांच्या सर्दी झालेल्या आवाजात कण्हतो.
उशाशी त्याची बायको म्हणून सायत्राबाई.
झाडू दाराशी टेकवून, पदर नीट करून,
हातात दोन ओळींचा कागद:
‘पोटात दुखते मनते. जेवन नाई पचलं वाट्टे.’
जास्त विचारलं तर ‘मालूम नाई’.

मी नाडी पाहिली. अठ्ठ्याऐंशी.
रक्तदाब बरा. बोटाची क्लिप सत्त्याण्णव.
श्वासाच्या चौकटीत वीस लिहिले,
न मोजता.
सगळे वीसच लिहितात.
फायली उघडून बघा,
अख्खा जिल्हा वीसच्या चालीनं श्वास घेतो.

बेरीज केली. धोका कमी, रंग हिरवा.
अॅसिडिटीचं इंजेक्शन, चार तासांनी पुन्हा बघू,
असं मोठ्यानं म्हटलं,
कारण आत्मविश्वासाला दहापैकी दोन मार्क असतात.

तेव्हा सायत्राबाई कागदाबाहेरचं बोलली.

‘खाली झोपला होता थो.’

माइक खरखरला, गप्प झाला.

‘उकडत होतं मनून खाटेवरून खाली आला, पोतं टाकून.
सकाळी गिळता येत नाई मने. चहा नाकातून आला.
आमी समजलो, घसा बसला.’

ती भाऊरावाकडं बघत नव्हती.
फरशीकडं बघत होती,
जिथं रोज फिनाइल मारते तिथं.
प्रणोतीनं विचारलं, मावशी, हे कुठं लिहिलंय?
‘कोठी नाई. तवाबी कोनं नाई लिवलं.’

काचेमागून बराच वेळ काही आलं नाही.
मग भाऊराव म्हणाला, म्हणजे मॅडमच:
‘सिस्टर, मला एका श्वासात आकडे मोजायला लावा.’

मोजा, मी म्हटलं.
बावीसवर थांबला.
थोड्या वेळानं पंधरा.
पापण्या रबराच्या, त्यांना पडता येत नाही;
‘पडल्या असं समजा,’ आवाज म्हणाला.
मग नऊ.
मग ‘सहा’ म्हणताना ‘हा’ आतच राहिला.
क्लिप अजून सत्त्याण्णव. यंत्राला उशिरा कळतं.

मी म्हटलं, मण्यार.
त्याच क्षणी ती म्हणाली, दांडेकार.

अँबू बॅग कपाटात होती, किल्ली कुठं कुणाला माहीत नव्हतं,
आणि लाइट गेली.
पडदे ओढलेले. इन्व्हर्टरला चार सेकंद लागतात.
तेवढ्यात कुणाची तरी बांगडी
लोखंडी खाटेला लागल्याचा आवाज आला.

लाइट आली तेव्हा सायत्राबाई दाराशी, झाडू हातात.
‘झालं काय माहं? बाथरूम रायले.’

मॅडम बाहेर आल्या.
कुणाला काय वाटलं ते विचारलं नाही,
नेहमी विचारतात.
माझा फॉर्म घेतला,
छापील रकान्यांखाली, जिथं जागाच नाही तिथं,
बॉलपेननं लिहिलं:
रात्री खाली झोपले होते का? गिळता येतं का?
एका श्वासात कुठवर?
आणि किल्ली कपाटालाच दोरीनं बांधली.

त्याच कागदाच्या झेरॉक्स निघतात आता.
ओळ तिरकी येते, ‘खाली’वर शाई फुटलेली.
नव्या पोरी विचारतात, हे छापायचं राहिलं होतं का?

मी सेकंदकाटा धरून पूर्ण मिनिट मोजते.
परवा ओपीडीत सतरा आले. एका म्हातारीचे एकतीस.
काल सगळे गेल्यावर भाऊरावाचेही मोजले.
चौदा.